सात गुणिले तीन हजार सदुसष्ट

१

केशोरीच्या तलावावर हिवाळ्यातला उजेड एकदम येत नाही. आधी तो पाण्यावरच्या धुक्यात नुसता असतो. त्याला रंग नसतो, दिशा नसते. मग तलाव अडवणाऱ्या पाळीवरच्या मोहाच्या शेंड्यांना तो सापडतो आणि तिथून फांदीफांदीने, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा, खाली उतरतो. पाळ ओलांडायला त्याला बराच वेळ लागतो. अलीकडे आला की प्रथम कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यांची टोके पिवळी होतात, मग बांधावरचे दव, मग यादोराव गुरुजींच्या अंगणातला सडा. सड्यावर तो थोडा रेंगाळतो. तिथून ओसरीची पायरी चढून दुसऱ्या खांबावरच्या खिळ्यापाशी पोचला की गुरुजी टाक दौतीत बुडवीत. त्या घरात घड्याळ नव्हते. उजेड खिळ्यापाशी आला म्हणजे पहिला भागाकार, खिळ्यावरून जमिनीवर उतरला म्हणजे दुसरा, आणि बैठकीला लागून वहीच्या पानावर आडवा पसरला म्हणजे तिसरा. त्या आडव्या उजेडात कागदावरची प्रत्येक सुरकुती स्वतःची सावली पाडते. कागदाला काही झाकता येत नाही.

डिसेंबर १९५७ मधल्या अठराव्या तारखेला, बुधवारी, मी त्या अंगणात उभा राहिलो तेव्हा उजेड खिळ्याच्या वर हातभर होता आणि बैठक रिकामी होती.

वह्या होत्या. बाराच्या बारा, लाल सुतळीने बांधलेल्या. त्यांच्यावर चष्मा घडी घालून ठेवला होता. दौतीला बूच होते. शेजारी पाटी उभी होती, आणि तिच्यावर, पुसलेल्या खडूच्या पांढुरक्या ढगात, एकच ओळ शिल्लक होती :

७ × ३०६७

मी ती वाचली. त्याच वेळी पाळीवरून कोणीतरी ओरडले, आणि आतून सुभद्राबाई, गुरुजींची मुलगी, पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली.

पाळीवर गुरुजींच्या वहाणा होत्या. पाण्याकडे टोके करून, एकमेकींना लावून, जशा ते वर्गाच्या दाराशी ठेवीत असत तशा.

२

पोलीस पाटील भैयाजींनी पंचनाम्यात ‘पाय घसरून’ असे लिहिले. गावाने ते मान्य केले. गावाला गुरुजी आवडत होते. तिसऱ्या दिवशी सुभद्राबाईने मला बोलावून घेतले.

ती माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांतच पांढरे कपाळ घेऊन परत आलेली. ओसरीच्या पायरीवर बसून ती सूप नुसतेच हातात धरून होती.

“घसरनारा मानूस वहाना काढून घसरते का, ईश्वर?” ती म्हणाली.

 न बोलणे हा माझा जुना स्वभाव आहे आणि लोक त्याला शहाणपण समजतात.

“मंगळवारी सांजेले म्या त्याइले बोललो. जेवाले या म्हनलं, आले नाई. पुन्हा म्हनलं, आले नाई. पाटी घेऊन बसूनच राहिले. मंग मले राहवलं नाई. मायचं तेरावं झालं तं दुसऱ्याच सकाळी तुमी भागाकाराले बसले, म्हनलं. नऊ वर्सं झाले, एका आकड्यापायी घरात कोनी मानूस आहे का नाई ते पाहिलं नाई. जा, मरा त्या आकड्यासंगं.” तिने सूप खाली ठेवले. “मरा म्हनलं म्या. आन् सकाळी...”

“बाई, रागाच्या भरात माणूस बोलतो.”

“ते मले नोको सांगू. ते सारं गाव सांगून राहिलं.” तिने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे कोरडे होते, आणि ते पाहवत नव्हते. “तू त्याइच्यापाशी रोज बसे. त्याइचे आकडे तुले समजतेत. मले एवढंच शोधून दे, बाबा माया बोलन्यापायी गेले का दुसऱ्या कायच्यापायी. मायापायी गेले असतीन तरी सांग. पन खरं सांग. नाई तं मी ह्या तलावाचं पानी भरू शकत नाई, आन् गावात दुसरं पानी नाई.”

मी होकार दिला. तिला नाही म्हणणे मला कधीच जमले नाही. खरे तर कुणालाच.

तो आकडा कोणता, हे इथे सांगितले पाहिजे. एक हा अंक अकरा वेळा ओळीने लिहावा, म्हणजे तो झाला. अकरा अब्ज, अकरा कोटी, अकरा लक्ष, अकरा हजार, एकशे अकरा. गाव त्याला ‘गुरुजीचे अकरा’ म्हणे. तीन एक लिहिले तर ते सदतिसाने फुटतात. पाच लिहिले तर एक्केचाळिसाने. सात एकांची संख्या गुरुजींनी तरुणपणी स्वतः फोडली होती : २३९ गुणिले ४६४९. मग अकरांची पाळी आली, आणि ती फुटेना. मार्च १९४८ पासून, पत्नीच्या तेराव्यानंतरच्या सकाळपासून, ते रोज तीन मूळ संख्यांनी तिला भागीत होते. एक लक्ष पाच हजार चारशे नऊच्या पुढे जाण्याची गरज नव्हती. तेवढ्यात भाजक सापडला नाही तर संख्या अभंग. अलीकडच्या मूळ संख्या दहा हजारांहून अधिक. भागाकार पाटीवर करायचा, वहीत फक्त एक ओळ उतरवायची : भाजक, भागाकार, बाकी आणि शेवटी नवाचा ताळा, म्हणजे भाजकाच्या अंकांची बेरीज यादीशी जुळते का ते.

गुरुजी कोहळी समाजाचे. त्यांच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले. त्या घरात एक रीत होती. पावसाळ्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्याने पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावलाला पाऊल लावून, अनवाणी चालायचे. कुठे माती मऊ लागते, कुठे ओल, ते तळव्याने पाहायचे. नागपूरहून शिकून आल्यावर मी त्यांना सांगितले होते की या संख्येचा भाजक असलाच तर त्याला बाविसाने भागून एकच उरेल. बाकीचे नऊदशांश भाजक सोडून देता येतील. ते हसले. “ईश्वर, पाळ पायानं पाहावी लागते. जिथं भोक असूच शकत नाही म्हणतो, तिथं पाऊल ठेवायचं कोणी?”

शनिवारी शेवटचा भागाकार झाला होता. मूळ संख्यांची यादी आणि वह्या एकदा ओळीला ओळ लावून ताडून पाहायच्या, मग नागपूरच्या एका कॉलेजात गठ्ठा पाठवायचा, असे ठरले होते. ताडण्याचे काम त्यांना एकट्याने करायचे होते. तू बुधवारी ये, असे ते मला म्हणाले. ते मधले दिवस मी ताप नसताना अंथरुणावर काढले.

३

टिकाराम पोस्टमन मला बाजाराच्या वाटेवर भेटला. सायकल हातात धरून चालणारा माणूस. बसलेला त्याला कोणी क्वचितच पाहिले असेल.

“मंगळवारी गठ्ठा न्याले गेलतो ना मी,” तो म्हणाला. “सकाळी गेलो तं गठ्ठा बांधून तयार. पत्ता लिहून. गुरुजी म्हने, थांब टिकाराम, एक पान राहिलं पाहाचं, दुपारी नेजो. दुपारी गेलो तं गठ्ठा सोडून ठेवला होता.”

“काय म्हणाले?”

“काईच नाई. अंगनात उभे होते. वहीचं एक पान धरलं होतं असं, सूर्याच्या सामोर.” त्याने दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि सायकल पडू दिली. “पोरीले पाहाले आलेला मानूस लुगड्यातलं भोक पाहाते तसे पाहून राहिले होते. म्या म्हनलं, गुरुजी, गठ्ठा? तं माह्याकडं पाहिलं, आन् मले वळखलं नाई. देवाशप्पत. चाळीस वर्साची वळख, आन् मले वळखलं नाई.”

“दुपारी किती वाजता?”

“मोटार गेली होती अर्जुनीची. दोनच्या सुमारास.”

दोन वाजता. सुभद्राबाई बोलली ती दिवेलागणीला. म्हणजे गुरुजींना जे व्हायचे ते तिच्या शब्दांच्या आधी चार तास होऊन चुकले होते. मी हे तिथेच वळून तिला सांगू शकलो असतो. पण तिने नुसते ‘तू नाहीस’ एवढे मागितले नव्हते. ‘मग काय’ हेही मागितले होते.

टिकारामने सायकल उचलली. “गुरुजीच्या आकड्यासाठी म्या बी लई फेऱ्या मारल्या, मास्तर. त्याइच्या डोळ्याचं आपरेशन झालं तवा, भंडाऱ्याच्या दवाखान्यातून कार्ड आलतं. दुसऱ्यानं लिहिलेलं. काय तं, ‘संख्या अजून उभी आहे ना?’ म्या वाचलं, खोटं कायले बोलू. आन् तुया जबाब बी म्याच टाकला पेटीत. दोनच शब्द होते.”

“मला आठवत नाही.”

“‘उभी आहे.’” टिकाराम हसला. “इतकं छोटं कार्ड म्या पुन्हा पाहिलं नाई.”

४

गोपीचंद मास्तर माझ्याबरोबर गावच्या शाळेत शिकवत होता. गोंदियाचा, बोलण्यात निम्मी हिंदी, आणि उरलेल्या निम्म्यात निम्मी थट्टा. गुरुजींचा आकडा ‘एक दिन फूटेगा, बम जैसा’ असे तो मुलांसमोर म्हणत असे, आणि त्यावरून गुरुजींनी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. गावात कुणावर संशय घ्यायचा तर त्याच्यावर घ्यावा, असे मला वाटत होते. खरे म्हणजे मला तसे वाटायला हवे होते.

“आओ जासूस,” तो म्हणाला. शाळा सुटलेली होती. तो फळा पुसत होता. “सुभद्राबाईनं तुला कामाला लावलं, असं ऐकलं. माझी जबानी घ्यायची? घे. मंगळवारी मी दिवसभर इथं होतो, साठ पोरं साक्षीला. गुरुजींना मी चिडवलं, मान्य. पण चिडवल्यानं माणूस मरत असता तर माझी बायको मला कधीच पोचवून आली असती.”

मी त्याला पाटीवरची ओळ सांगितली.

“तीन हजार सदुसष्ट?” तो थांबला. “जमिनीचा खसरा नंबर? नाही, आपल्या गावात इतके खसरे नाहीत. पोस्टाच्या रजिस्ट्रीचा नंबर? गठ्ठा तर गेलाच नाही.” मग त्याने माझ्याकडे वळून पाहिले. “अरे, पण सातनं गुणून तर पाहिलंस?”

“नाही.”

“नाही? पाटीवर सात गुणिले लिहिलंय. ते वाचल्यावर चौथीतलं पोरसुद्धा पहिल्यांदा गुणून पाहतं. तीन दिन से तू क्या कर रहा है, यार?”

सातने गुणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो. गोपीचंदने पुसलेल्या फळ्यावर खडू टेकवला आणि लिहिले : २१४६९.

“आता हे काय?”

मला सांगावे लागले. “वहीतला भाजक असेल. भाजक सगळे मूळ संख्या असायला हवेत. हा नाही. हा सातने फुटतो.”

“म्हणजे जी यादीत नसायला पाहिजे ती संख्या वहीत आहे.” त्याच्या आवाजातली थट्टा हळूहळू निथळून गेली. “आणि मग यादीतली कुठली तरी वहीत नाही. त्या जागी ही बसली. चल.”

“आता उजेड उतरला आहे. उद्या पाहू.”

“उद्या सकाळी,” तो म्हणाला. “उजेड ओसरीत येतो तेव्हा. तू मला तिथं भेट. नाही आलास तर मी एकटा जाईन.”

५

दुसऱ्या दिवशी उजेड खिळ्यावर होता तेव्हा गोपीचंदने लाल सुतळी सोडली. सुभद्राबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी पहिली वही उघडली, मग बारावी, मग सातवी. गोपीचंद माझ्या हाताकडे पाहत राहिला आणि शेवटी त्याने स्वतः तिसरी वही ओढून घेतली.

“एकवीस हजारांचे भाजक तिसरीत. ते तुला माहीत नाही असं कसं होईल?”

पान सापडले. मे १९५०. यादी त्याच्या डाव्या हाताला होती, वही उजव्या. बोट दोन्हीकडे एकेक ओळ उतरत गेले आणि थांबले.

यादीत २१६४९ होते. वहीत त्या जागी २१४६९.

“सहा आणि चार, जागा बदललेले,” गोपीचंद म्हणाला. “उतरवताना घोटाळा झाला. पण ताळा?” त्याने ओठ हलवून बेरीज केली. “ताळा जुळतो! अंक तेच, बेरीज तीच. नवाच्या ताळ्याला जागा बदललेली कळत नाही.”

हे गुरुजींनीच आम्हाला शिकवले होते. ताळा कोण आले ते मोजतो, कोण कुठे बसले ते मोजत नाही. तरी सबंध वहीत ते त्याच्यावर विसंबले. मे महिन्यानंतर त्यांचे डोळे कायमचे अधू झाले, आणि ताळ्याचा रकाना तेवढा ते भिंग लावून पाहत. तो जुळला की पुढे.

“चूक झाली,” मी म्हणालो. “घाईत कुणाच्याही हातून होते.”

“हो. साधी चूक.” गोपीचंदने सुस्कारा सोडला. “बिचारा म्हातारा. एवढ्याशा चुकीपायी...”

तेव्हा उजेड बैठकीच्या कडेला लागला आणि पानावर आडवा पसरला.

त्या पानाकडे मी पाहत नव्हतो. मी गोपीचंदच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो चेहरा आधी कोरा होता, मग पुढे झुकला.

“इथं खरवडलंय,” तो म्हणाला.

ब्लेडच्या पात्याने, अगदी हलक्या हाताने. सपाट उजेडात ते दिसले नसते. भाजकात २१ तसेच, शेवटचे ९ तसेच. मधले दोन अंक खरवडून नव्याने लिहिलेले. भागाकारात ५१ तसेच, पुढचे चार खरवडलेले. आणि बाकीच्या रकान्यात, १९१३ या आकड्याखाली, टाकाच्या टोकाने कागदात रुतलेले एक वर्तुळ. ते पुरते गेले नव्हते. गोपीचंदने पान उचलून उगवत्या सूर्यासमोर धरले, टिकारामने करून दाखवले होते तसेच, आणि तो खरवडलेला भाग अंधाऱ्या घरातल्या लहान झरोक्यांसारखा उजळला.

“चूक असती तर खरवडलं कशाला असतं?” तो हळू बोलत होता, जणू घरात कोणी आजारी आहे. “कुणीतरी आधी बरोबर लिहिलं. बरोबर भाजक, बरोबर भागाकार. मग पुसून दुसरं लिहिलं. आणि दुसरं असं शोधलं की ताळा जुळावा. हे मूर्खाचं काम नाही, ईश्वर. गणित येणाऱ्याचं आहे. आणि त्यानं ते अभ्यास करून केलं आहे.”

“अक्षर कोनाचं?” सुभद्राबाईने दारातून विचारले.

“अक्षराचा उपयोग नाही. या गावात सगळ्यांचे आकडे गुरुजींच्या वळणाचे. त्यांनीच गिरवून घेतले.” त्याने तारखेवर बोट ठेवले. “एकोणीस मे. गुरुजी तेव्हा?”

“भंडाऱ्याले. दवाखान्यात,” ती म्हणाली. “डोळ्याले पट्टी होती महिनाभर.”

“एप्रिलअखेरपर्यंत त्यांच्या जागी भागाकार मी करत होतो. मग सात मईला मुर्रीला माझी बारात गेली. जूनपर्यंत मी गोंदियातच होतो. त्यानंतर...” तो थांबला. मग पाटी ओढून घेत म्हणाला, “आधी भागून पाहू. कदाचित काही नसेलही.”

त्याने पुसलेल्या पाटीवर अकरा एक लिहिले. बाजूला २१६४९. खडू कुरकुरत होता. तो मोठ्याने भागत होता, जसे वर्गात भागतात.

“सहा एक घेतले. पाचाचा भाग गेला. उरले दोन हजार आठशे सहासष्ट. वरचा एक खाली. एकाचा भाग. उरले सात हजार बारा. एक खाली. तीन...” खडू थांबला. “त्रिक... थांब, हातचा...”

“दोन,” मी म्हणालो. “तीन. नऊ.”

खडू पाटीवरच टेकलेला राहिला.

गोपीचंदने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने खाली वाकून उरलेला भागाकार सावकाश, एकेक पायरीने, पुरा केला. दोन आले. तीन आले. नऊ आले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास नवे एक लक्ष चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. वर तेवढेच होते. त्याने खाली रेघ ओढली आणि रेघेखाली काही लिहिले नाही.

“तुला कसं मालूम होतं?” त्याने विचारले.

६

गोपीचंद निघून गेला. त्याने मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्याने फक्त खडू बैठकीवर ठेवला, मला हात न लावता माझ्या बाजूने वाट काढली आणि अंगणातून जाताना एकदाही मागे पाहिले नाही.

सुभद्राबाई पायरीवर येऊन बसली. उजेड आता पानावरून सरकून भिंतीकडे निघाला होता. कागद पुन्हा सपाट, निरपराध दिसू लागला होता.

“म्हनजे बाबाचा आकडा फुटे,” ती म्हणाली.

“हो.”

“कवापासून?”

या प्रश्नाचे उत्तर गणितात सोपे आहे. ती संख्या कधी अभंग नव्हतीच. कुठल्यातरी जुन्या पुस्तकात, कुठल्यातरी दूरच्या वाचनालयात, तिचे दोन्ही भाजक एका ओळीत छापलेले असणार. ते शोधायला कुणाला नऊ वर्षे लागली नसतील. पण तिने ते विचारले नव्हते.

“बाई, तुमच्या बोलण्याने नाही,” मी म्हणालो. “टिकाराम दुपारी दोनला आला तेव्हा त्यांनी पान पाहिले होते. तुम्ही दिवेलागणीला बोललात. तुमचे शब्द त्यांनी ऐकलेही नसतील.”

तिने डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत गेल्यासारखे मला दिसले. तिथेच थांबलो असतो तर तिला ते पुरले असते. पण ती गुरुजींची मुलगी होती.

“बाबाले फुटलेल्या आकड्याचं एवढं दुख नसतं झालं,” ती डोळे न उघडता म्हणाली. “सातांचा फोडला तवा त्याइनं गावाले गूळ वाटला होता, माय सांगे. मंग काऊन गेले?”

तिसऱ्या वहीपासून बाराव्या वहीपर्यंत साडेसात हजारांहून अधिक भागाकार आहेत. सात वर्षांच्या सकाळी. भिंगातून, अधू डोळ्यांनी. नागपूरहून परतलो त्या १९५४ नंतरच्या प्रत्येक सकाळी ताळा मी पाहिला आहे. शेजारी बसून, ‘जुळला, गुरुजी’ असे म्हणून. त्यांना फुटलेली संख्या सोसली असती. पण मंगळवारी दुपारी उजेडासमोर पान धरल्यावर त्यांना कळले की रोज सकाळी त्यांच्या शेजारी कोण बसत होते. संध्याकाळी त्यांनी पाटी पुसली. २१६४९ पुसले, भागाकार पुसला, माझ्यावर येईल ते सारे पुसले. एवढीच ओळ ठेवली जी गावात दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये. मला ती पहिल्याच क्षणी वाचता आली होती.

“ते खरवडलेलं तुयं आहे,” सुभद्राबाई म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“मी अठरा वर्षांचा होतो. चूक झाली.”

“चूक?”

“भंडाऱ्याहून कार्ड आले होते. ‘संख्या उभी आहे ना.’ डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस विचारतो आहे, असे मला... अंक उलटले गेले, बाई. उन्हाळा होता. दमलो होतो. त्या दिवसाचे मला नीट आठवत नाही.”

हे मी सात वर्षे स्वतःला सांगत आलो होतो, याच शब्दांत, आणि ते इतके गुळगुळीत झाले होते की बोलताना जीभ कुठे अडत नव्हती.

तिने डोळे उघडले. उजेड भिंतीवर होता. थोड्या वेळाने तो रोजच्यासारखा छपराखाली जाऊन विझणार होता. तलावावरून बाया घागरी घेऊन येत होत्या, आणि त्यांच्यातली एक कशावर तरी मोठ्याने हसली.

“मी तुले अंक कसे उलटले ते नाई विचारून राहिलो,” ती म्हणाली. “मी विचारून राहिलो का तुले तवा माहीत होतं का नाई.”

मी पाटीकडे पाहिले. गोपीचंदने रेघेखालची जागा मोकळी सोडली होती.

एकोणीस मे १९५० च्या सकाळी मी त्या संख्येला २१६४९ ने भागले. बाकी शून्य आली. मी ती पाहिली होती.